आईला कोणता गुडघा हवा होता

आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा तो बघायला निम्मं वटार गाव आमच्या ओटीवर येऊन गेलं, आणि आलेल्या प्रत्येक बाईने आधी वण मोजला. मी गंमत करत नाही. आणलेला नारळ किंवा बिस्किटांचा पुडा बाजूला ठेवायचा, "कसं वाटतंय आता?" असं विचारायचं, आणि आईचं उत्तर यायच्या आत तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून वणाशेजारी आपली बोटं आडवी लावायची. आमच्याकडे पानवेलीच्या बागा. विड्याचं पान लहान की मोठं हे बायका बोटांनीच ठरवतात, आणि ती सवय हातात इतकी मुरलेली की कशाचंही माप घ्यायचं म्हटलं की बोटं पुढे येतात.

"चार बोटं भरतात फक्त," एकजण म्हणायची.

"माझ्या मावसजावेचा वीतभर हाय," दुसरी म्हणायची, आणि मग सगळ्या समाधानाने मान हलवायच्या. वण छोटा म्हणजे डॉक्टर चांगला, आणि डॉक्टर चांगला म्हणजे गुडघा चांगला. मी आतून चहाचा ट्रे घेऊन येताना हे ऐकायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईचा गुडघा या चार बोटांच्या हिशेबावर निवडला गेला होता, आणि तिला जे हवं होतं त्याचा त्या चार बोटांशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या बायकांवर मात्र माझा राग नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, मग त्या दिसेल ते मोजणार. माझा राग आहे तो ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्यावर. इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आईचं काय काम होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर हा सगळा त्रागा कशासाठी ते कळणार नाही. घरामागे वाडी होती. त्यात केळी, थोडी फुलझाडं, आणि मुख्य म्हणजे पानवेल. सकाळी खुडलेली पानं अंगणातल्या मांडवाखाली ओल्या गोणपाटावर ओतायची. त्या ढिगाभोवती बायका बसायच्या, कुणी उकिडवी, कुणी एक गुडघा उभा करून, आणि पानं लावायच्या. म्हणजे एकेक पान उचलायचं, जून-कोवळं बघायचं, डागाळलेलं बाजूला टाकायचं, सारख्या मापाची चळत करायची आणि केळीच्या सुक्या सोपटाने बांधायची. आई या ढिगाची मालकीण, पण मालकिणीसारखी बाजूला बसून ती कधी हुकूम सोडत राहिली नाही. ढिगाच्या अगदी कडेला तिची जागा. तिथे बसून तिने सासू सांभाळली, आम्हाला वाढवलं, वडील गेल्यावर वाडी चालवली. गावातली सगळी लग्नं, भांडणं, बाळंतपणं त्या ढिगाभोवती बोलली जायची. कुणाची सून रुसली आहे हे त्या सुनेच्या नवऱ्याआधी आईला कळायचं.

तिचे दोन्ही गुडघे दुखायला लागले. उजवा जास्त. तेल झालं, निर्गुडीचा पाला बांधून झाला, गोळ्या झाल्या, पट्टा झाला. ती खाली बसायची तेव्हा तोंडातून आवाज काढायची नाही, पण खालचा ओठ दाताखाली धरायची. उठवायला दोघीजणी लागायच्या. एकदा ती अशी बसली आणि दोघींनी उठवूनही तिला उभं राहता येईना. त्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता औषधाने भागणार नाही, गुडघा बदलावा लागेल.

आई कबूल झाली. लोकांना आश्चर्य वाटलं, ऑपरेशनला म्हातारी माणसं इतक्या लवकर तयार होत नाहीत. मला वाटलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. चालायला अशी केवढी वाडी? चालणं ती कसंही निभावत होती. तिला खाली बसायचं होतं, आणि गुडघा बदलून बसता येणार असेल तर ती बदलायला तयार होती.

हा सुमार दोन हजार सालानंतरचा. तेव्हा आमच्या भागात गुडघ्यांच्या जाहिरातींना नुसता ऊत आला होता. पूर्वी पेपर उघडला की साड्यांच्या सेलची पत्रकं खाली पडायची, आता गुडघ्यांची पडायला लागली. छोट्या छेदातून गुडघा. कॉम्प्युटरच्या मदतीने अचूक बसवलेला गुडघा. खास बायकांच्या हाडांच्या मापाचा गुडघा. जास्त वाकणारा गुडघा. विरार स्टेशनच्या बाहेर मोठमोठे फलक, त्यावर पांढऱ्या डगल्यातले हसरे डॉक्टर. मी शाळेत शिकवायचे, वाचलेलं समजून घ्यायची मला खोड, आणि मी ही पत्रकं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे. सगळीकडे 'नवीन' हा शब्द होता. नवीन म्हणजे कुणासाठी बरं, कशासाठी बरं, आणि कशासाठी बरं नाही, हे सांगणारं एक वाक्य मला कुठे सापडलं नाही. मिक्सर घेताना सुद्धा दुकानदार यापेक्षा जास्त सांगतो.

मी लग्नानंतर विरारला फुलपाड्यात राहायचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने त्याच वर्षी गुडघा बदलून घेतला होता. आई आणि माझी मोठी काकू माझ्याकडे राहायला आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना मुद्दाम तिच्याकडे घेऊन गेले. म्हटलं, जिचं झालंय तिच्याच तोंडून ऐकू या. शेजारीण सोफ्यावर ऐटीत बसली होती. तिने आपण होऊन वण दाखवला. काकूने लगेच बोटं लावली आणि चार बोटांवर मोजणी थांबली तेव्हा तिचे डोळेच विस्फारले. "एवढ्यातून आत घातला?" ती म्हणाली. शेजारणीला गुडघ्यापेक्षा वणाचाच जास्त अभिमान वाटत होता. किती कमी रक्त गेलं, किती लवकर घरी सोडलं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हाड कसं दिसतं, हे सगळं तिने रंगवून सांगितलं.

आई गप्प बसून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "तुमी खाली बसता?"

"अहो, खाली कशाला बसायचं? डायनिंग टेबल आहे की," शेजारीण म्हणाली.

तिचं काही चुकलं नाही. ती रोज बाजारात जाणार, मुलीकडे अंधेरीला जिने चढून जाणार, आणि टेबलावर जेवणार. तिच्यासाठी तो गुडघा अगदी बरोबर होता. पण घरी परत येताना काकूच्या डोक्यात चार बोटंच होती. आई वटारला पोचायच्या आधी ती बातमी तिथे पोचली, आणि माझ्या मोठ्या भावाने ठरवून टाकलं की हाच डॉक्टर आणि हीच पद्धत.

माझा भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे त्याच्याबद्दल मी बरंच वाईट बोलणार आहे. तो बँकेत होता. आईसाठी त्याने कसलीही कसर सोडली नसती. पण आईसाठी करणं म्हणजे आईला विचारणं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. जे सगळ्यात नवीन ते सगळ्यात चांगलं, आणि सगळ्यात चांगलं ते आईला, इतका सरळ त्याचा हिशेब. आईने एकदा त्याला विचारलं, "कॉम्प्युटर काय कराचाय? तो कधी खाली बसलाय?" तो खो-खो हसला आणि हा किस्सा बँकेत सांगितल्याचं कौतुकाने आम्हालाही ऐकवलं. त्या प्रश्नात हसण्यासारखं काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या डॉक्टरांचं विरारमध्ये एका हॉलमध्ये शिबिर होतं, गुडघे मोफत तपासणार होते. आम्ही तिघं गेलो. रांगेने लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर काठ्या टेकवून बसलेल्या बायका. इतके दुखरे गुडघे मी एका छताखाली कधी पाहिले नव्हते, आणि त्यातला एकही बोलत नव्हता. बोलत होते ते बरोबर आलेले मुलगे, जावई, नवरे. एका कोपऱ्यात टेबल मांडून टाय लावलेला एक मुलगा उभा होता, गुडघे बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला. त्याच्या हातात प्लास्टिकचा पाय होता आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पाय वाकवून दाखवत होता. प्लास्टिकचा पाय हवा तितका वाकत होता. त्याला कुठे मांस, चामडी, शिरा आणि साठ वर्षांची झीज होती?

त्याच्या मागे एक चित्र लावलेलं होतं. एक बाई जमिनीवर मांडी घालून बसली आहे आणि हसते आहे. खाली लिहिलं होतं, जास्त वाकणारा गुडघा. आईला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, पण चित्र तिला वाचता आलं. ती काठी टेकत टेकत त्या चित्रापर्यंत गेली आणि त्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"मना असा गुडघा पायजे," ती म्हणाली.

मला रडूच यायचं बाकी राहिलं. एखाद्या माणसाने आपली इच्छा याहून स्पष्ट कशी सांगायची? एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आपल्याला काय हवंय ते नेमकं सांगणारी ती एकटी होती. आणि हिलाच पुढे सगळे अडाणी म्हणाले.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, एक्स-रे उजेडासमोर धरला, आणि बोलायला सुरुवात केली ती भावाकडे बघून. दोन्ही गुडघे गेलेत, पण उजवा आधी करू. छोटा छेद, कॉम्प्युटर, लवकर घरी. भाऊ माना डोलवत होता.

आईने मध्येच विचारलं, "मना एकच सांगा. खाली बसाला येल का?"

डॉक्टरांनी मान वर केली, तीही भावाकडेच. "आजींना सांगा, आता खाली कशाला? आता खुर्चीत राणीसारखं बसायचं आणि सुनेला कामाला लावायचं." भाऊ हसला, पलीकडची नर्स हसली. आईच्या प्रश्नाची अशी बोळवण झाली.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "डॉक्टर, तिकडे चित्र लावलंय, जास्त वाकणारा गुडघा. आई त्याबद्दल विचारतेय. तो बसवला तर तिला बसता येईल का? आणि नसेल येणार तर का नाही, ते तिला सांगा."

"मॅडम, पेपर वाचून आलात वाटतं," ते म्हणाले. हसूनच म्हणाले, पण वर्गात जास्तीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करायचं हसू मी चांगलं ओळखते. "तो सगळ्यांना सूट होत नाही. पेशंटने टेन्शन घ्यायचं नाही, ते आमच्यावर सोडा. बेस्ट आहे तेच देणार."

"बेस्ट कशासाठी?" मी विचारलं.

भावाने माझ्या दंडाला हात लावला. "गप बस ना जरा, डॉक्टरांना वेळ नाही." आणि खरोखरच वेळ नव्हता. पुढचा गुडघा दारात उभा होता.

रिक्षातून परत येताना मी आणि भाऊ भांडलो. तो म्हणाला, "तुला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का?" मी म्हटलं, "गुडघ्यातलं मला कळत नाही. पण आईला काय हवंय ते आईला कळतं, आणि ते तिने सांगितलंय." तो म्हणाला, चित्रं बघून ऑपरेशनं ठरत नसतात. मी म्हटलं, मग शेजारणीचे वण मोजून ठरतात का? आमच्या दोघांच्या मध्ये बसून आई बाहेर बघत होती. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "तो डाक्तर माझ्याशी बोललाच नाय." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिच्याकडून सही घेतली, तेव्हाही ती कशाखाली करतेय हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही. मी तेव्हा शाळेत होते.

खोटं बोलायचं नाही. ऑपरेशन उत्तम झालं. दुखणं गेलं. काही आठवड्यांत आई काठीशिवाय अंगणात फिरायला लागली, पायरी चढायला लागली, रात्री कण्हायची ते थांबलं. त्या डॉक्टरांच्या हातात कसब होतं हे मी कुणालाही सांगेन. त्यामुळेच माझ्या रागाला घरात कुणी जुमानत नव्हतं. दुखायचं थांबलंय, वण चार बोटांचा आहे, आता हिला आणखी काय हवंय?

व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी यायच्या. गुडघा हळूहळू वाकवून घ्यायच्या, खुर्चीत बसल्यावर वाकतो त्याच्या थोडा पुढे जायचा आणि थांबायचा. आई म्हणायची, अजून दाबा. त्या म्हणायच्या, आता पुरे. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं तेव्हा त्यांनी मला सरळ सांगितलं. छेद लहान असो की मोठा, त्यावर गुडघा किती दुमडणार ते ठरत नाही. कॉम्प्युटर हाड नीट रेषेत कापायला मदत करतो. ज्यांचा गुडघा आधीच नीट वाकत नसतो त्यांचा नंतरही बहुतेक तेवढाच वाकतो. आणि वाकला तरी, उकिडवं बसून आतल्या भागावर रोज भार टाकू नका असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. जास्त वाकणाऱ्या गुडघ्याबद्दलही डॉक्टरांमध्ये एकमत नाही, असं त्या म्हणाल्या.

म्हणजे चित्रातला गुडघा बसवला असता तरी आई खाली बसली असती की नाही, कुणास ठाऊक. कदाचित नसती बसली. हे मला कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता, असं भाऊ म्हणाला. मला समजेना की कमी का व्हावा. एवढंच तर सांगायचं होतं! चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला त्या बाईंना, आणि माझ्यासारखीला नीट कळलं. मग हे आईला आधी का सांगितलं नाही? तिने ऐकलं असतं, दोन दिवस विचार केला असता, आणि तिचं तिने ठरवलं असतं. कदाचित दुखणं जाण्यासाठी ती तरीही हो म्हणाली असती. पण मग ते तिचं हो झालं असतं.

बरं वाटायला लागल्यावर आई पहिल्यांदा मांडवाखाली गेली, तो दिवस मी विसरत नाही. ढीग पडला होता, बायका बसल्या होत्या. वहिनीने लगबगीने खुर्ची आणून ठेवली, तीही प्रेमानेच. आई खुर्चीत बसली. ढीग खाली, बायका खाली, आणि आई वर. तिचा हात ढिगाला पोचेना. मग एकीने मूठभर पानं उचलून तिच्या मांडीवर ठेवली, पाहुणीच्या हातात विडा द्यावा तशी. वाकून बोलणं ऐकायचं तर कंबर भरून यायची, आणि बायका वर मान करून बोलायच्या तर थोड्या वेळाने त्यांचीही मान अवघडायची. हळूहळू त्या आपापसात बोलायला लागल्या. मांडीवरची पानं संपली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आईने मागितली नाहीत. ती उठून घरात गेली.

भावाने मग टेबल आणलं. उंच टेबलावर पानं ओतायची आणि आईने एकटीने खुर्चीत बसून लावायची. आई दोनदा बसली. वाऱ्याने पानं कोमेजतात म्हणाली आणि टेबलावर वाळवण घातलं. चालून-चालून ती तरी कुठे चालणार? फाटकापर्यंत जायची, परत यायची. दुखत नसलेल्या पायाने नुसती हिंडणारी आई मला बघवत नव्हती.

पुढे एका रविवारी मी माहेरी गेले तर आई मांडवाखाली जमिनीवर बसलेली. मी किंचाळलेच. तिने ऑपरेशन झालेला उजवा पाय सरळ समोर पसरला होता, आणि डावा, तो अजून न बदललेला, झिजलेला गुडघा, दुमडून अंगाखाली घेतला होता. एका हाताने खांब धरून ती खाली उतरली होती. चेहरा घामाने डबडबलेला. दुखत होतं, दिसत होतं. पण हात ढिगात होता आणि शेजारची बाई तिच्या कानाशी लागून कुणाची तरी चहाडी सांगत होती.

"आई, अगं काय करतेस हे!"

"ओरडू नको," ती म्हणाली. "एक तरी दुमडतोय ना? दुखतोय तर दुखू दे."

त्यानंतर ती रोज तशीच बसायला लागली. डावा गुडघा सुजायचा, संध्याकाळी शेकायची, सकाळी पुन्हा बसायची. भाऊ चिडला, वहिनी रडकुंडीला आली. सगळ्यांचं एकच म्हणणं, दुसराही लवकर करून टाकू म्हणजे ही कटकट जाईल. आणि वर्षाने तपासणीला बोलावलं होतं तेव्हा भाऊ आईला घेऊन निघाला, दुसऱ्या गुडघ्याची तारीखच ठरवायला. मी रजा काढून बरोबर गेले.

दवाखान्यात गर्दी होती. बाहेर बाकांवर बायका बसल्या होत्या, डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं. डॉक्टरांनी आईला चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. ते खूश झाले, बाहेरच्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले, "बघा, काय झक्कास चालतात आजी!" मग भावाकडे वळले. "आता डावा कधी करू या? आता अजून नवीन टेक्निक आलंय, छेद आणखी लहान."

भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात आई टेबलाची कड धरून खाली वाकायला लागली. आम्हाला वाटलं तिला चक्कर आली. भावाने धरायला हात पुढे केला, तो तिने झटकला. तिने उजवा पाय फरशीवर सरळ पसरला, डावा दुमडला, आणि डॉक्टरांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. ओठ दाताखाली धरलेला. आता डॉक्टरांना तिच्याकडे बघायचं तर टेबलावरून पुढे वाकूनच बघायला लागत होतं.

"आजी, उठा, उठा! असं बसायचं नसतं!"

"उठते," आई म्हणाली. "आधी सांगा. यो पाय तुमी केला, तो असा लांब ऱ्हातो. यो दुसरा पन केला, तर मना असं बसाला येल का?"

डॉक्टरांनी भावाकडे बघितलं. भाऊ खाली बघत होता. मी मुद्दाम तोंड मिटून राहिले. नर्स आत येऊन आईच्या काखेत हात घालायला गेली, आईने तिलाही नको म्हणून सांगितलं.

"त्याच्याकडं नका बघू," आई म्हणाली. "गुडघा माझा हाय. माझ्याशी बोला."

मग डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "नाही, आजी. नाही येणार."

"कुठला बी बसवला तरी?"

"खात्री नाही देता येणार. बहुतेक नाहीच."

"मग नको," आई म्हणाली. "ह्यो ऱ्हाऊ दे असाच." आणि तिने उठवायला माझ्याकडे हात केला.

मी तिला उभी करत होते तेव्हा बाहेरच्या बाकावरून एक बाई उठून दारापर्यंत आली. आईच्याच वयाची, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. बरोबरचा मुलगा तिला मागे ओढत होता, पण ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझं उद्या आहे. मला हे कुणी सांगितलंच नाही."